तिन्हीसांजेचं दुखणं

"हात समोर धरा," मी म्हणाले.

शेवंती कोयंडेने दोन्ही हात समोर धरले. सरळ, ताठ, जरासुद्धा न थरथरता. हिरव्या बांगड्या कोपराकडे घसरल्या.

"आता डोळे घट्ट मिटा. मी उघडायला बघते, तुम्ही उघडू देऊ नका."

मी अंगठ्यांनी तिच्या पापण्या उचलायला गेले आणि हरले. मग जीभ बघून झाली, गाल फुगवून झाले, गुडघ्यावर हातोडी मारून झाली. दहापर्यंत आकडे म्हणायला सांगितले, ते तिने शाळेतल्या मुलीसारखे खणखणीत म्हणून दाखवले. वय बत्तीस, माशांच्या टोपल्या उचलून कमावलेले दंड. दीड महिन्यातली ही तिची तिसरी खेप होती आणि तिसऱ्यांदाही मला तिच्यात काडीचा दोष सापडत नव्हता.

"होतं तरी काय तुम्हाला?"

शेवंतीने सासूकडे पाहिलं. जनाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. काटक, काळ्याभोर, नऊवारीचा काष्टा करकचून मारलेल्या. सुनेच्या वाटचं त्याच बोलल्या.

"सकाळी काय एक नसता, बाय. तिन्हीसांज झाली काय हिचा सगळा सुरू होता. मान पडता, डोळे मिटतत, बोलता ती नाकातसून. पेज गिळूक जमना नाय, नाकातसून भायेर येता. हसाक गेली तर दात इचकल्यासारखा दिसता. शेजारची पोरां भियाक लागली हिका."

"मग संध्याकाळीच घेऊन या ना. चार ते सहा मी इथेच असते."

जनाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्यांना सुनेला खाडीत ढकलायला सांगत होते. "तिन्हीसांजेक? बाधलेल्या बायलमानसाक पिंपळाखालसून आणू?"

आंबेखोल बंदर आणि आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्या मधोमध एक ओढा होता, ओढ्याच्या काठी तो पिंपळ. ज्या माणसाला बाहेरचं काही लागलंय असा संशय आहे त्याला दिवेलागणीला त्या झाडाखालून न्यायचं नाही, हा बंदरावरचा कायदा. सरकारी कायद्यापेक्षा तो जास्त पाळला जायचा.

ही गोष्ट तेहतीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, मूळची सांगलीची, नोकरीचं दुसरं वर्ष. मालवणी कळायला लागली होती, म्हणजे माणसंही कळायला लागली असा माझा समज झाला होता. शेवंतीबद्दल तर माझं मत केव्हाच तयार होतं. नवरा गोव्याकडच्या ट्रॉलरवर, घरी दोन महिन्यांतून एकदा. मूल नाही. सासू ही अशी. बाईचं मन कुठेतरी साचलंय आणि ते संध्याकाळी, कामं संपल्यावर उसळतं. आजार जर खरा असता तर घड्याळ बघून कशाला आला असता? शिवाय ती येताना कशी यायची! पहिला नंबर, केसांत अबोलीची वेणी, घडीचं लुगडं, अंगाला माशाचा वासही नाही. आजारी माणूस असा दिसत नाही, असं मला अगदी मनापासून वाटलं होतं.

"तुम्हाला काहीही झालेलं नाही," मी तिला सांगितलं. "मन शांत ठेवा. पोटभर जेवा."

"पोटभर," शेवंती म्हणाली आणि खाली बघत बसली.

"रोग नाय काय मगे?" जनाबाईंनी विचारलं.

"नाही."

"ता लिवन देवा."

मी लिहून दिलं. तपासणीअंती कोणताही रोग आढळून आला नाही. खाली सही, सहीखाली केंद्राचा गोल शिक्का. जनाबाईंनी चिठ्ठीची बारीक घडी केली आणि कनवटीला लावली.

त्या गेल्यावर सिस्टर फिलोमिना, आमच्याकडची सगळ्यात जुनी नर्स, इंजेक्शनच्या सुया उकळायला ठेवता ठेवता म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही 'आढळला नाही' असं लिहिलंत. त्या 'नाही' असं वाचणार."

"अर्थ एकच आहे, सिस्टर."

"बरं," ती म्हणाली. सिस्टरचं 'बरं' म्हणजे वाद संपला, मत तेच.

त्यानंतर आठवडाभराने बंदरावरच्या शाळेत लसीकरण होतं. दुपारी दोनला सुरू केलं, पण बायका पोरांना घेऊन आरामात येत होत्या आणि साडेतीनपर्यंत लसीच्या डब्यातला बर्फ वितळून पाणी झालं. जीपचा ड्रायव्हर डुलक्या घेत होता. सिस्टर म्हणाली, "चला, धक्क्यावर बर्फाला काय तोटा."

धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या दिवशी बांगडा माशांची रास पडली होती. तीन बायका राशीभोवती उकिडव्या बसून मासे निवडून खोक्यांत भरत होत्या, एक थर माशांचा, त्यावर फोडलेला बर्फ. मी पाठमोरी उभी राहून डब्यात बर्फ भरून घेत होते. मागे कोणीतरी मोठ्याने मोजत होतं. तिकडे पहिल्या नगाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.

"लाभ, दोन, तीन, चार..."

आवाज छान होता, टणक. कान तिकडे गेले आणि तिथेच राहिले. वीस, पंचवीस, तीस. पस्तिशीनंतर आवाज जरा ओला झाल्यासारखा वाटला. पन्नाशीच्या पुढे आकडे नाकातून यायला लागले. साठाच्या पुढे तर त्यातली अक्षरंच गळायला लागली, बासष्टचं 'मानन', त्रेसष्टचं 'न्नेनन'. मला वाटलं, पहिली बाई उठून गेली आणि तिच्या जागी टाळू फाटलेली दुसरी कोणी मोजायला बसली. कोण आहे बघावं म्हणून मी वळले.

दुसरी कोणी नव्हती. एकच बाई मोजत होती. उजवा हात राशीत, डावा हात हनुवटीखाली, जबडा तळहाताने वर धरलेला, नाहीतर तो उघडाच पडला असता. पापण्या अर्ध्याहून खाली आल्या होत्या आणि त्यांच्या फटीतून दिसावं म्हणून तिने डोकं मागे टाकलं होतं, कपाळाला आठ्याच आठ्या. अंगावर ओलं, खवल्यांनी भरलेलं लुगडं. मी तिला ओळखलं नाही. खरंच सांगते, तीन वेळा जिच्या पापण्यांशी मी झटापट केली होती ती बाई हातभर अंतरावर होती आणि मी तिला ओळखलं नाही.

"डाक्टरनीबाय इली शेवंते," शेजारची म्हणाली, आणि मला म्हणाली, "बघा, सोंग कसा घेता ता."

शेवंतीने राशीतला बर्फाचा एक खडा उचलला, पदराच्या टोकात धरला आणि उजव्या डोळ्यावर दाबला. अगदी सवयीने, चष्मा पुसावा तसा. डाव्या डोळ्याच्या फटीतून बघत, आकडे मनात म्हणत, मासे टाकणं चालूच. एक खोका भरला. दीडदोन मिनिटं गेली असतील. मग तिने बर्फ बाजूला केला.

उजवा डोळा उघडा होता. टक्क उघडा, काळाभोर, सकाळचा. डावा तसाच मिटलेला.

मी तिथेच खाली बसले, माशांच्या पाण्यात. एकाच चेहऱ्यात अर्धी बाई जागी आणि अर्धी झोपलेली मी पाहत होते. कोणतंही सोंग असं अर्ध्या तोंडाने करता येत नाही. मनाचं दुखणं बर्फाने उतरत नाही. माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. डोळ्यांसमोर काहीतरी फार मोठं उलगडतंय आणि आपण त्याच्या पुढ्यात फार लहान आहोत, तसा.

"हे काय केलंत तुम्ही?" मी विचारलं.

"बर्फ लावलंय," ती नाकातून म्हणाली. शब्द सुटे करून ऐकावे लागत होते. "बर्फ लावलंय काय जरा उघडता. तेवढ्यात दोन खोके होतत."

"हे तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलासच नाय." थोडं थांबून, श्वास घेऊन ती पुढे म्हणाली, "दवाखान्यात बर्फ घेवन येवचा काय?"

"पण तिथे तर तुम्ही ठणठणीत असायचात!"

"दवाखान्यात येवचा म्हणान आदल्या दिसा बाजार बंद ठेवतंय. दिस-रात निजान ऱ्हवतंय. वेणी घालतंय. घामट्या अंगान डाक्टराम्होरं कसा येवचा?"

माझ्यासाठी. माझ्या टेबलाचा मान राखायला ही बाई एक दिवस आणि एक रात्र झोपून काढायची, ताजी होऊन यायची, आणि मी त्या ताजेपणाच्या जोरावर तिला खोटी ठरवायचे. ज्याला विश्रांतीने उतार पडतो आणि कामाने चढ येतो, तो आजार मला दाखवायला आणण्यापूर्वी ही माणसं तो धुऊन, पुसून, वेणी घालून आणत होती!

कोणीतरी तिला चहाचा कप दिला. तिने एक घोट घेतला आणि तो नाकातून बाहेर आला. खोकायला गेली तर खोकलाही धड निघेना, नुसता एक ओला हुंकार. मी तिला शेडच्या खांबाला टेकवून बसवलं.

"एका श्वासात मोजा बघू. जमेल तितकं."

"लाभ, दोन, तीन, चार, पाच, सा, सात..." सातावर संपलं. तिच्या वयाची बाई पस्तीस-चाळीसपर्यंत सहज जाते. याचा अर्थ पापण्यांवर बसलेलं ते जे काही होतं, ते आता छातीच्या स्नायूंपर्यंत उतरत चाललं होतं.

"डॉक्टर," सिस्टर माझ्या कानाशी म्हणाली, "गेल्या पावसात नाग चावला होता तो माडावर चढणारा बाप्या आठवतो? त्याचं तोंड असंच झालं होतं."

आठवला. अगदी हेच तोंड, हेच नाकातलं बोलणं. नागाचं विष काय करतं? मेंदू निरोप धाडतो, नस तो स्नायूच्या दारापर्यंत नेते आणि विष ते दार बंद करून ठेवतं. आणि मग मला कॉलेजातल्या जाड पुस्तकाचं एक पान आठवलं, तोंडी परीक्षेपुरतं पाठ केलेलं आणि नंतर विसरलेलं. मायस्थेनिया ग्रेव्हिस. कसलाही साप न चावता माणसाचं स्वतःचं शरीरच ती दारं एकेक करून बंद करत जातं. सकाळी थोडी उघडी असतात; दिवसभर काम करावं तशी मिटत येतात; संध्याकाळी सगळी बंद. तिन्हीसांजेला लागतं म्हणतात ते खोटं नव्हतंच. लक्षण तर जनाबाईंनी मला पहिल्याच दिवशी पुस्तकापेक्षा चांगलं सांगितलं होतं.

"शेवंते, चल गो. येळ झाली."

जनाबाई शेडच्या तोंडाशी उभ्या होत्या. हातात सुक्या मिरच्यांची पुडी.

"कुठे नेताय त्यांना?" मी विचारलं.

"घराकडे. आज अवस. भगत येतलो तिन्हीसांजेक. धुरी घालतलो." मिरच्यांचा धूर, बंद खोली, दार बाहेरून लावलेलं. बाधा गुदमरून निघेपर्यंत. "ह्या बघा, आमी उगीच करणव नाय. तुमकाच पयला इचारला." कनवटीची चिठ्ठी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. "रोग नाय म्हणान तुमीच लिवन दिलास. रोग नाय, तर मगे काय आसा ता आमका कळला."

माझ्याच अक्षरात, माझ्याच शिक्क्याखाली मी भुताला प्रमाणपत्र दिलं होतं. ज्या बाईला खोकून घशातलं पाणीसुद्धा काढता येत नाही तिला मिरच्यांच्या धुरात कोंडलं तर ती अर्धा तासही काढणार नव्हती. आणि तेही कागद दाखवून, रीतसर.

"जनाबाई, माझं चुकलं. यांना रोग आहे. फार मोठा आहे."

"आट दिसामागे नव्हतो. आज खंयसून इलो?"

"तेव्हाही होता. मला दिसला नाही."

"दिसला नाय," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि आज दिसता. उद्या परत नाय म्हणशात. मी गरीब बायलमानूस, मी कोणाचा ऐकू?"

त्या वाईट नव्हत्या, हे मला तेव्हा, तिथे, पहिल्यांदा कळलं. दीड महिना त्या सुनेला तीनतीनदा ओढा ओलांडून माझ्याकडे आणत होत्या. आधी डॉक्टर, मग भगत, हा क्रम त्यांनी काटेकोर पाळला होता. क्रम चुकवला होता तो मी.

"मला एक तास द्या," मी म्हणाले. "नाग चावलेल्याला देतो ते इंजेक्शन केंद्रावर आहे. ते देते. तासाभरात हिचे डोळे उघडले नाहीत, तर मी तुम्हाला अडवणार नाही." शेवटचं वाक्य खोटं होतं. मी दारात आडवी पडले असते. पण त्यांना ते हवं होतं.

जनाबाईंनी बाहेर उन्हाकडे पाहिलं. "तिन्हीसांजेच्या आत घराकडे होयी."

जीपमध्ये शेवंतीचं डोकं सिस्टरच्या खांद्यावर होतं. पिंपळाखालून जाताना जनाबाई काहीतरी पुटपुटल्या आणि सुनेच्या कपाळावरून हात फिरवला. मी वाटभर त्या पानावर पुढे काय लिहिलं होतं ते आठवत होते. डोस आठवला. सोबत अॅट्रोपिन द्यायचं, नाहीतर नाडी बसते, तेही आठवलं. कपाटातल्या सर्पदंशाच्या ट्रेमध्ये ती बंद दारं थोडा वेळ उघडणाऱ्या निओस्टिग्मिनच्या सहा कुप्या होत्या. मी चार वाजून वीस मिनिटांनी शेवंतीला इंजेक्शन दिलं.

मग आम्ही चौघी व्हरांड्यात बसलो.

पाच मिनिटं झाली. काही नाही. शेवंती खुर्चीत मान टाकून, जबड्याला हात लावून बसलेली. दहा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला बघवेना. जनाबाई समोरच्या बाकावर, मिरच्यांची पुडी मांडीवर ठेवून, सुनेच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. माझा अंदाज चुकला असेल तर? मी आज दुपारपर्यंत जितक्या खात्रीने चूक होते तितक्याच खात्रीने आत्ताही चूक असेन तर? बारा मिनिटं. सिस्टरने नाडी मोजली, मान हलवली, ठीक आहे म्हणाली.

चौदाव्या मिनिटाला डाव्या पापणीची कड हलली.

मला आधी वाटलं भास झाला. मग ती पुन्हा हलली, आणि वर यायला लागली. झटक्यात नव्हे. सावकाश, भरतीचं पाणी चढतं तशी, केसाकेसाने, थांबत, परत चढत. बुबुळाची खालची कडा दिसली, मग मधलं काळं, मग सगळा डोळा. त्याच्यापाठोपाठ उजवा. कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या, कारण आता डोळे उघडे ठेवायला कपाळाची गरज उरली नव्हती. ओठ एकमेकांना भेटले. गालांना आकार आला. तिने हनुवटीखालचा हात काढून घेतला, जरा बिचकत, आणि जबडा जागेवर राहिला. मान उचलली. मान राहिली. जे तोंड मी दुपारी ओळखू शकले नव्हते, ते आमच्या तिघींच्या डोळ्यांदेखत आतून भरून आलं आणि त्यातून शेवंती बाहेर आली.

मी नंतर बरीच वर्षं डॉक्टरकी केली. बाळंतपणं केली, मेल्यासारखी जन्मलेली मुलं रडवली. पण त्या चौदाव्या मिनिटाइतकं थोर मी काही पाहिलं नाही. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. सिस्टर फिलोमिनाने छातीवर क्रूस केला.

शेवंतीने दोन्ही हात उचलून डोळ्यांसमोर धरले, उलटे केले, सुलटे केले. मग म्हणाली, "आये, मिरच्यो कित्याक आणलास?"

टणक, छान, नाकात अजिबात नसलेला आवाज.

सिस्टरने चहा आणला. शेवंतीने बशीत ओतला आणि एका दमात प्यायली, मग दुसरा कप, मग तिसरा, आणि मग तिला हसू आलं. दात इचकणं नव्हे. डोळ्यांपर्यंत पोचणारं साधं हसू.

"दसऱ्यापासना ही अशी हसाक नाय," जनाबाई स्वतःशीच म्हणाल्या.

मी त्यांना समजावून सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. हे औषध दोन तास टिकेल. मग सगळं पूर्वीसारखं होईल. ही बरी झालेली नाही, फक्त रोगाचं नाव कळलंय. उद्या पहाटे जीपने गोव्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं, तिथे याच जातीच्या गोळ्या मिळतात, त्या रोज घ्याव्या लागतील. आज रात्री इथेच राहायचं, माझ्या डोळ्यांसमोर. जनाबाई ऐकत होत्या की नाही कोण जाणे. त्या सुनेकडेच बघत होत्या. मी त्यांच्याकडे चिठ्ठी मागितली. त्यांनी दिली. मी ती फाडली.

पुढचं सांगायचं तर शेवंती गोव्याला गेली, गोळ्या सुरू झाल्या, छातीच्या हाडामागच्या एका ग्रंथीचं ऑपरेशन झालं आणि ती त्यातून उठली. परवापरवापर्यंत आंबेखोलच्या धक्क्यावर बसत होती. बर्फाची ती तपासणी पुस्तकांत असते, न्यूरॉलॉजीची मोठमोठी माणसं ती करतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. माझ्याआधी ती शेवंतीला माहीत होती. मी नवीन डॉक्टरांना हे सगळं शिकवते. पण त्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला जे झालं, ते शिकवता येत नाही.

दिवस मावळत आला होता. भगताचा निरोप दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा जनाबाई जागच्या हलल्या नव्हत्या. शेवंती सिस्टरला बांगड्याचं तिखलं कसं करायचं ते सांगत होती. बोलता बोलता 'तिरफळां' म्हणताना तिचा आवाज जरा ओला झाला. ती थांबली. तिलाच आधी कळलं. मग डावी पापणी खाली यायला लागली, जशी चढली होती तशीच, सावकाश.

बाहेर तिन्हीसांज होती. पिंपळाच्या अलीकडे, घराबाहेर, बाधलेली बाई, आणि तिचं तोंड पुन्हा मिटत चाललेलं. औषध उतरणार हे मी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि दिसणं वेगळं. आता जनाबाई काय म्हणणार ते मला ऐकूच यायला लागलं. बघा, परत इला. बघा, तुमच्या सुयेक भिणा नाय.

शेवंतीने मान खाली घातली. जबड्याखाली हात नेला. "आये," ती नाकातून म्हणाली, "मी करणंय नाय हो ह्या. देवाशपथ, मी करणंय नाय."

जनाबाई बाकावरून उठल्या. मिरच्यांची पुडी मांडीवरून पडली ती त्यांनी उचलली नाही. त्या सुनेसमोर जाऊन खाली बसल्या, तिचा जबड्याखालचा हात काढला आणि त्या जागी स्वतःचा तळहात दिला. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिची पापणी हळूच वर उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"मी दिसतंय मां तुका?" त्यांनी विचारलं.

"दिसतास," शेवंती म्हणाली.

"मगे झाला," जनाबाई म्हणाल्या, आणि अंगठा तसाच ठेवून माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "डाक्टरनीबाय, दुसरी सुय कितक्या वाजता?"